गोल चिन्हाचं अंडं झालं तेव्हा

आमच्या नांदेडच्या घरात पुढच्या खोलीत माझी भरतकामाची मशीन आहे. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, पेनड्राइव्हनं मशीनला द्यायचं, की ती सुई-दोऱ्यानं ते कापडावर उतरवते. ब्लाउजच्या बाह्या, शाळांचे बिल्ले, दुकानांची नावं, जे काम येईल ते मी घेते. कॉम्प्युटर जुनाच. माझ्या मोठ्या नणंदबाई लातूरला तंत्रनिकेतनात शिकवतात. त्या ताईंनी त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं आणि त्यांच्या घरी पडून असलेलं, स्क्रीनवर चित्र उमटवणारं एक ग्राफिक्स कार्डही बसवलं होतं. "भरतकामाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठी अक्षरं फुटत न्हाईत," एवढं त्या बोलल्या आणि मी राजी झाले.

एका रविवारी सकाळी स्क्रीनवर सूचना आली की लिनक्सची नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का. मी 'हो' म्हटलं. तास-दीड तास ते चालू होतं. मधेच त्यानं एक पासवर्ड ठरवायला सांगितला. मी ठरवला आणि कापडावर आखायच्या खडूनं टेबलाच्या कडेला लिहून ठेवला. मग कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू व्हायला लागला, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. अर्धापूरहून माझा भाऊ केळीचा घड घेऊन आला होता. घड उतरवून घेतला, पाणी दिलं, आईची चौकशी केली. परत आले तेव्हा स्क्रीन चालू होती, पण सगळं भलतंच मोठं दिसत होतं. एकेक चित्र पुरीएवढं.

खोलीत खिडकीपाशी मामा पेपर वाचत बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे. तहसीलमध्ये कारकून होते, आता निवृत्त. घरात ते फार बोलत नसत. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि आमचं बोलणं 'चहा ठेवू का' आणि 'ठेव'च्या पुढं क्वचितच गेलं होतं.

"झाली बघ चालू," ते पेपरातून मान वर न करता म्हणाले.

मला वाटलं, नवी आवृत्ती अशीच असेल. मी कामाला लागले. नर्सिंगच्या मुलींचे चाळीस ॲप्रन आले होते, त्यांच्या शपथविधीसाठी. छातीवर गोल चिन्ह, आत तेवती पणती, भोवती कॉलेजचं नाव. चिन्हाची फाइल उघडली तर वर्तुळ आडवं चपटं दिसत होतं, दाबलेल्या भाकरीच्या गोळ्यासारखं. म्हटलं, अपग्रेडमध्ये फाइल बिघडली असेल. मी बाजूनं ओढून ओढून ते नीट गोल केलं. माउस हलवला की बाण दोन श्वासांनी हलायचा, त्यामुळं एवढ्याला दुपार गेली. मग पहिला ॲप्रन मशीनवर चढवला.

मशीन थांबली आणि मी कापड उचलून बघितलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागं येऊन उभ्या होत्या.

"हे अंडं कशाचं काढलंस गं?"

खरंच उभं अंडं होतं. आत उंच, किडकिडीत पणती. आधी मला रडू येईल असं वाटलं, पण आत्याबाईंनी तो ॲप्रन अंगात घातला, पणती चाचपून बघितली आणि म्हणाल्या, "मला बरा हाय. भाकरी करताना घालते." मग मात्र हसूच आलं.

संध्याकाळी ताईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, फाइल चांगली हाय. तुझी स्क्रीन लांबट हाय आणि कॉम्प्युटर तिला जुन्या चौकोनी टीव्हीचं चित्र देऊन राहिला. ते ताणून बसवलं की गोल गोष्ट चपटी दिसणारच. तू चपटं दिसतं म्हणून अरुंद केलंस, आणि मशीननं खरं अरुंदच काढलं."

"म्हणजे बिघडलं काय?"

"कार्डाचा ड्रायव्हर, म्हंजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, चालू झालेला न्हाई."

मग चार दिवस रोज फोनवर आमचं चाललं. ताई एकेक आज्ञा अक्षर अक्षर सांगायच्या, मी टाइप करायची, आलेल्या ओळी वाचून दाखवायची. कार्ड आहे का? आहे. ड्रायव्हर बसलाय का? बसलाय. मग चालत का नाही? त्याचं उत्तर सापडेना. कॉम्प्युटर सुरू होतानाची यादी उघडून जुन्या आवृत्तीवरनं चालू करून बघितलं, तर स्क्रीन काळी कुळकुळीत. तिथनं कशीबशी परत मोठ्या चित्रांवर आले. शेवटी ताई म्हणाल्या, "माझे तास असतात, असं तुकड्या-तुकड्यानं न्हाई जमायचं. शनिवारी डबा घेऊन इकडंच ये."

डबा म्हणजे सीपीयू. आमचे हे भोकरला शाळेवर मास्तर, त्यांना शनिवारीही शाळा. मी एकटीच जायचं ठरवलं. शुक्रवारी रात्री जेवताना मामा एकदम म्हणाले, "मी बी येतो. लेकीकडं जाऊन लई दिवस झाले."

आत्याबाईंनी भुवया उंचावल्या. दिवाळीला ताई स्वतः येऊन नेत होत्या तेव्हा पाठदुखीचं कारण सांगून मामा घरीच राहिले होते.

सकाळच्या एसटीत बसलो. सीपीयू जुन्या वाकळेत गुंडाळून मांडीवर. लोह्याला मामा म्हणाले, "दे इकडं." मी नको म्हटलं. अहमदपूरला त्यांनी न विचारताच उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि लातूर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले. खड्डा आला की ते वाकळ वर उचलून धरायचे.

ताईंच्या घरी पोहोचलो तर त्यांनी टेबल रिकामं करूनच ठेवलं होतं. त्यांच्या स्क्रीनला डबा जोडला. तीच पुरीएवढी चित्रं. ताई भराभर टाइप करत गेल्या, ओळी वर सरकत गेल्या. मग एका ओळीवर त्या थांबल्या.

"हां. ड्रायव्हरला आत येऊ दिलेलं न्हाई. वहिनी, अपग्रेड करताना पासवर्ड ठरवायला लावला होता का?"

"हो. खडूनं लिहून ठेवलाय टेबलावर."

"आणि परत सुरू होताना निळी स्क्रीन आली असेल, त्यात काय केलंस?"

"निळी स्क्रीन आलीच नाही."

"यायलाच पाहिजे."

मामा चहा पीत होते. त्यांनी कप बशीत ठेवला.

"आली होती," ते म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडं वळलो.

"ही बाई दाराकडं गेली. इकडं सगळं निळं झालं. इंग्रजीत आलं, कोणतंही बटण दाबा. आकडे उलटे पळत होते, दहा, नऊ, आठ. म्हटलं, काहीतरी विचारून राहिलं, कोणी उत्तर देईना. म्हणून दाबलं. मग चार-पाच ओळी आल्या. वरच्या ओळीवर पट्टा होता, 'कंटिन्यू'. ते दाबलं. गेलं निळं."

"मग बोललात का नाही बाबा? आम्ही आठवडाभर डोकं फोडून राहिलो!"

मामांनी कपबशी बाजूला सारली. "पहिल्या दिवशी वाटलं, चालू तर झालं. मग ते अंडं निघालं. मग ती रोज फोनवर तुझ्याशी बोलायची, ते ऐकायचो. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं. तहसीलात चाळीस वर्षं दुसऱ्याच्या कागदाला हात लावला न्हाई, आणि हिच्या मशीनला लावून बसलो."

खाली बघत ते एवढं बोलले. आठवडाभर माझ्या टेबलापाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असायचा, ते मला तेव्हा आठवलं. मला वाटलं होतं, आत्याबाई ठेवतात.

ताई हसायला लागल्या. "बाबा, तुम्ही बोट लावलं नसतं ना, तरी दहा सेकंदांनी ती स्क्रीन आपोआप गेली असती. बाहेरच्या ड्रायव्हरला घरात घ्यायचं का, एवढंच ते एकदा विचारतं. समोर बसून पासवर्ड द्यायचा असतो. चूक झालीच तर दाराकडं जाणारीची."

"केळी आणली होती," मी म्हणाले.

"अर्धापूरची?" ताईंनी विचारलं. "मग माफ."

मामांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

ताईंनी दोन ओळी टाइप करून नवा पासवर्ड ठरवला आणि कागदावर लिहिला. कॉम्प्युटर परत सुरू करायच्या आधी त्या खुर्चीवरून उठल्या. "बसा बाबा. आता तुम्हीच करा."

"न्हाई, न्हाई. बाईला बसू दे."

"बसा मामा," मी म्हणाले. "मी वाचून सांगते."

ते चष्मा पुसून बसले. निळी स्क्रीन आली, आकडे पळायला लागले, त्यांनी जरा जोरातच बटण दाबलं. या वेळी पट्टा दुसऱ्या, ड्रायव्हरला आत घ्यायच्या ओळीवर नेला. मग होकार. मग पासवर्ड. एका बोटानं, एकेक अक्षर कागदावर बघून. टाइप केलेलं दिसतच नव्हतं, म्हणून ते मधेच थांबले.

"उमटंना की."

"उमटत नाही त्यात. तुम्ही चालू ठेवा."

शेवटचं अक्षर झालं, त्यांनी एंटर दाबलं. सगळं बंद झालं, परत सुरू झालं, आणि स्क्रीनवर चित्रं आपापल्या मापाची, बारीक, स्वच्छ आली. माउस हलवला तसा बाण पळाला. मी मूळ चिन्ह उघडलं. हातातली बांगडी काढून स्क्रीनवर टेकवली. तंतोतंत गोल.

ताईंनी दुपारी वरण-फळं केली. मामांनी तीनदा घेतली आणि लेकीच्या घराच्या गच्चीवरची झाडंही बघून आले.

परतीच्या बसमध्ये त्यांना कंठ फुटला होता. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, ते सांगतच होते. तहसीलात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी त्याला काचेच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं होतं. चपला काढून आत जावं लागायचं. मामांना आत जायची परवानगी कधी मिळाली नाही. निवृत्तीच्या दिवशी एक नवा कारकून म्हणाला होता, या, तुमचंच प्रमाणपत्र तुमच्या हातानं छापा. पण तेवढ्यात वीज गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, हातानं लिहून दिलं. अक्षर चांगलं होतं त्याचं."

बुधवारपर्यंत एकोणचाळीस ॲप्रन झाले, आणि चाळिसाव्यासाठी मी बाजारातून नवा कोरा ॲप्रन आणला. मशीन चालू असताना मामा शेजारी स्टूल घेऊन बसायचे, दोरा संपत आला की आधीच सांगायचे. स्क्रीनवर कधी काही सूचना आली तर ती मोठ्यानं वाचायचे आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघायचे.

"काय म्हणू बाई, हाव का न्हाई?"