जोर न लागणारी रेघ

चांदीच्या तारेने कागदावर चित्र काढता येतं, हे मला साठी ओलांडेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं; चित्रकलेचा तास म्हणजे माझ्या दृष्टीने पोरांना गप्प बसवून ठेवायची सोय. पण गेल्या वर्षी घरात असं काही झालं की रविवारी सकाळी तास-दोन तास बाहेर पडले नसते तर मी भिंतींशी भांडले असते.

यांना लकव्याचा झटका आला. हे म्हणजे माझे यजमान, बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पाइपलाइनींचे नकाशे काढायचे. कारखान्यात कॉम्प्युटर आले, पोरं पडद्यावर रेघा ओढायला लागली, पण घरी पडदे शिवायचे असले तरी हे आधी कागदावर खिडकीचा नकाशा काढत. रेघ अशी की छापलेली वाटावी. त्या रेघेचा त्यांना गर्व होता आणि तो मला मान्य होता, कारण दुसरा कसलाच गर्व त्यांनी कधी केला नाही. झटक्यानंतर वाचा परत आली, पाय ओढत का होईना चालायला लागला, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. मूठ वळायची, पण तिच्यात जोर नव्हता आणि बोटं थरथरायची. पेन्सिल धरून बघितली तर टोक एक तर कागदाला लागायचंच नाही, नाहीतर भोक पाडून आत जायचं. बँकेत सही जुळेना, अंगठा लावावा लागला. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. "माझी कंपासची पेटी देऊन टाक कोणाला तरी," एवढंच म्हणाले.

पेटी मी दिली नाही, कपाटात वर सारली. हे गॅलरीतल्या खुर्चीत बसायला लागले. समोर वासण्याचा रस्ता, रिक्षा, शाळेच्या व्हॅन. बोलणं 'हो', 'नको' आणि 'चालेल ने' एवढ्यावर आलं. मला भीती वाटायची. हा माणूस मरेल याची नाही, डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. हा असाच खुर्चीत बसून, माझ्या डोळ्यांदेखत, हळूहळू विझून जाईल याची.

आमच्याच सोसायटीत एक चित्रकार मुलगी राहते. रविवारी ती क्लबहाउसमध्ये चारपाच बायकांना शिकवते. मी गेले त्या दिवशी तिने चांदीची तार दाखवली. साध्या कागदावर ती काहीच उमटवत नाही. कागदाला आधी पांढऱ्या रंगाचा खरखरीत लेप द्यावा लागतो. त्या लेपावर चांदी झिजते आणि झिजलेल्या चांदीची फिकट राखाडी रेघ राहते. हवा लागून ती रेघ काही महिन्यांनी तपकिरी होत जाते. कितीही दाबा, काळी होत नाही. गडद हवी असेल तर रेघेवर रेघ ओढत बसायचं. मी सवयीने खोडरबर मागितलं, तर ती हसून म्हणाली, "काकी, आमां रबर नथी चालतुं. जे थयुं ते थयुं." मला राग आला. गणितात चुकलं तर खोडता येतं. पण घरी जाऊनही ती फिकट रेघ डोळ्यांसमोरून हलेना.

तार आणायला मी मांडवीतल्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. यांच्या पेटीतली क्लच पेन्सिल न विचारता बरोबर नेली होती. क्लच पेन्सिल म्हणजे जाड शिसं बदलता येतं ती, ड्राफ्ट्समन लोकांची. त्या शिशाएवढ्या जाडीची तार हवी म्हटल्यावर सोनार चक्रावला. "बेन, आनुं शुं बनशे?" म्हणून त्याने विचारलं, आणि चित्र काढायचंय म्हटल्यावर दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "चांदीथी? तो सोनाथी शुं करशो?" तार मात्र त्याने झकास ओढून दिली. मी घरी येऊन तिचं टोक काचकागदावर घासून गोल केलं, कारण टोकदार राहिली तर लेप खरवडून काढते.

लेप घरीच करायचा हे माझं खूळ. चित्रकार मुलीने सांगितलेला रंग महाग, आणि देवघरातली चांदीची भांडी मी पांढऱ्या दंतमंजनाने घासते तेव्हा फडकं राखाडी होतं, हे मला माहीत होतं. म्हणजे दंतमंजनावर चांदी झिजते! एवढा शोध लागल्यावर मी कशाला थांबते? लाडवांसाठी आणलेला डिंक रात्रभर भिजवला, त्यात दंतमंजन कालवलं आणि कागदाला फासलं. वाळल्यावर त्याला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. मग लवचीक व्हावं म्हणून चमचाभर मध घातला. कागद सुरेख वाळले, गुळगुळीत, पांढरेशुभ्र. सकाळी बघते तर त्यांच्यावर मुंग्यांची जत्रा.

मी कागद झटकत, मुंग्यांना आणि स्वतःला शिव्या देत गॅलरीत आले, आणि खुर्चीतून आवाज आला, "काय घातलंस त्यात?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बडोद्याला राहून राहून तू कागदातही गोड घालायला लागलीस." मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "आणि माझ्या पेन्सिलीत काय कोंबलंयस?"

त्या दिवसापासून मी गॅलरीत त्यांच्या शेजारी टेबल टाकून बसायला लागले. कागद आता मुकाट्याने त्या मुलीच्या रंगाने रंगवत होते. थंडीचे दिवस, बाजारात वालपापडी आलेली. निवडताना चार शेंगा बाजूला काढायच्या आणि त्यांचं चित्र काढायचं. माझी शेंग कधी होडी व्हायची, कधी मासा. हे बघत असायचे. आधी नुसते हुंकार, मग "रेघा समांतर नाहीत", मग "तिथे बाक जास्त आहे, कमी कर." कमी कसा करू? खोडता येत नाही. एका दुपारी माझं डोकं फिरलं. "एवढं कळतं तर तुम्ही काढा ना!" मी म्हटलं.

"कशाने? या हाताने?"

त्यांनी ज्या स्वरात ते म्हटलं त्याने मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तापले की गप्प बसत नाही. मी पेन्सिल त्यांच्या उजव्या बोटांत खुपसली आणि हात उचलून कागदावर ठेवला. पेन्सिल पडली. पुन्हा ठेवली. मग त्यांनी हात नुसता ओढला, दाबायचा प्रयत्नही न करता, आणि कागदावर एक राखाडी रेघ आली. नागमोडी होती, पण अखंड होती. जिथे हात जड पडला तिथे ती काळी झाली नव्हती, हलका पडला तिथे तुटली नव्हती. ते तिच्याकडे बघत राहिले.

"जोर लागत नाही याला," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. आनंदाने रडले, हे सांगायला लाज कसली?

आणि मग मी माती खाल्ली. मास्तरीण ती मास्तरीणच. ते रोज थोडं थोडं काढत होते. शेंग, वाटी, खिडकीचा गज. मी प्रत्येक कागदावर मागच्या बाजूने तारीख टाकायला लागले. मग ते बेडरूमच्या भिंतीवर ओळीने लावले, पहिला डावीकडे, नवा उजवीकडे. रोज मी चष्मा लावून बघायचे, थरथर कमी झाली का? रेघ सरळ होतेय का? मला वाटायचं, होतेय. एखाद्या दिवशी नाही वाटलं तर त्यांच्या जेवणात काय कमी पडलं याचा विचार करायचे. फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलाला मी ती भिंत कौतुकाने दाखवली. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. "काका, बहु सरस!" म्हणाला, आणि तिथल्या तिथे फर्मावलं, रोज आडव्या रेघा एवढ्या, उभ्या एवढ्या, जेवणाआधी आणि नंतर.

तो गेल्यावर हे पाय ओढत बेडरूममध्ये आले. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की मी चित्रं आवडली म्हणून लावली आहेत. त्यांनी एक कागद उलटून मागची तारीख वाचली, मग दुसऱ्याची.

"प्रगतिपुस्तक लावलंयस माझं," ते म्हणाले, आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

पेन्सिलीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी कागद काढून ठेवले. सॉरी म्हटलं. 'चालेल ने' म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाशी मला झगडता येतं. मी रोज त्यांच्या शेजारी बसून माझ्या वेड्यावाकड्या शेंगा काढत राहिले, मुद्दाम चुका करत राहिले की कधीतरी टोकतील. टोकलं नाही. आमच्या लेकीचा पुण्याहून फोन आला की तिला 'बाबा मजेत' असं मी खोटं सांगत होते. पापडीचा हंगाम सरत आला, शेंगा जून आणि चिवट यायला लागल्या.

एका दुपारी मला सहन होईना. मी पेन्सिल टेबलावर आदळली. "काय बोलायचं असेल ते बोला एकदा. शिव्या द्या. पण असे बसू नका, मला भीती वाटते."

ते मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "हा हात आता एवढाच आहे. डॉक्टर तोंडावर सांगत नाहीत, पण मला कळतं. माझा हात आहे. त्या दिवशी रेघ आली ना, तेव्हा मला वाटलं, चला, एवढ्याही हाताने काहीतरी होतं. मला बरं वाटलं होतं ग. आणि तू तीच रेघ घेऊन तपासत बसलीस, की याच्यात तो परत येतोय का."

"कोण तो?" मी विचारलं, विचारायची गरज नव्हती तरी.

"तो नकाशे काढणारा. तो नाही यायचा आता. मी आहे."

मला वाटलं होतं मी त्यांना धीर देतेय. मी त्यांच्याशेजारी बसून रोज दुसऱ्याच माणसाची वाट बघत होते, आणि ते त्यांना दिसत होतं. "मला आधीचे तुम्ही हवे होतात," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "अजूनही हवे आहात. पण आता आहात तेही विझून गेलात तर मी काय करू?"

ते माझं रडणं थांबेपर्यंत थांबले. मग डाव्या हाताने पेन्सिल उचलून उजव्या हातात ठेवली, बोटं एकेक करून तिच्याभोवती मिटली. "तारीख टाकायची नाही," म्हणाले.

"नाही टाकत."

"आणि त्या पोराला दाखवायचं नाही."

"नाही."

समोर एक जून शेंग होती, मधेच पिळवटलेली. त्यांनी काढायला घेतली. वरची रेघ गेली ती गेलीच, शेंगेच्या पार पलीकडे. खोडता येत नव्हतं, तिच्याच खाली दुसरी ओढली, मग तिसरी. मी माझ्या कागदाकडे बघत बसायचा प्रयत्न केला. चष्मा पुसला, तार पुन्हा घासली. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"कशी आलीय?"

जीभ शिवशिवली. 'छान', 'परवापेक्षा बरी', सगळं ओठांवर आलं होतं. मी शेंगेकडे बघितलं, मग कागदाकडे.

"वाकडी आलीय," मी म्हटलं.

"आहेच ती वाकडी!" ते म्हणाले आणि हसले, चांगले खळखळून. हसले की आता त्यांचं तोंड डावीकडे ओढलं जातं आणि उजवा गाल नुसता लोंबत राहतो. झटक्यानंतर ते हसायला लागले की मी नजर दुसरीकडे वळवायचे, काहीतरी उचलायला वाकायचे. त्या दुपारी मी बघत राहिले, त्यांचं हसणं थांबेपर्यंत.