स्थानिकांच्या मदतीने

आमच्या धुळ्याच्या महाविद्यालयातल्या चित्रपट मंडळात सगळ्यात कडक समीक्षक होत्या कमलअक्का. त्या शिपाई. पडदा लावणं, दिवे घालवणं, नंतर चहा देणं हे त्यांचं काम. पण चित्रपट संपला की दारातून एक वाक्य टाकल्याशिवाय त्या किटलीला हात लावत नसत. बक्षिसं मिळवलेल्या एका चित्रपटाबद्दल म्हणाल्या, "चांगलं शे. पन दोन तासमा कोनी जेवनं नै." मी मराठीचा प्राध्यापक, समीक्षा शिकवतो. त्या वाक्यापुढे माझं भाषण फिकं पडलं.

साक्रीकडच्या एका कड्यावरून पडून तीन दिवस कपारीत तग धरलेल्या गिर्यारोहकावरचा माहितीपट आम्ही गेल्या वर्षी दाखवला. दिग्दर्शक स्वतः आले होते. मी तो आधीच पाहून धुळ्याच्या वर्तमानपत्रात भरभरून परीक्षण लिहिलं होतं. टाळ्या पडल्या. अक्कांनी दिवे लावले आणि चहाचं सोडून त्या थेट पुढे आल्या.

"साहेब, त्याले वर कोनी काढं?"

"स्थानिकांच्या मदतीने सुटका झाली, असं निवेदनात आहे ना," दिग्दर्शक म्हणाले.

"स्थानिक म्हंजे मना भाऊ. जयसिंग त्यानं नाव. दोर धरीसन तोच खाले उतरेल व्हता. आजबी त्याना दोन बोटं वाकतस नै."

"पण अक्का, सगळ्यांची नावं कशी घेणार?"

"बठ्ठा चार जन व्हतात. तुम्हना पिक्चरमा कुत्रानं नाव शे."

होतं खरं. पुण्यात मालकाची वाट पाहणारा ब्रूनो तीनदा पडद्यावर आला होता. कुणीतरी हसलं, अक्का हसल्या नाहीत. मला भलतीच लाज वाटली, कारण माझ्या परीक्षणातही ब्रूनो होता आणि जयसिंग नव्हता.

दिग्दर्शकांनी नावं घालण्याचा शब्द दिला. अक्का मेअखेर निवृत्त होणार होत्या आणि त्याआधी भावाचं नाव पडद्यावर आणायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दर सोमवारी पहिल्या तासाआधी त्या माझ्या टेबलापाशी हजर. मी टाळाटाळ करायचो, म्हणायचो, "ते कामात असतील." "मी बी कामवरच शे," त्या म्हणायच्या, आणि मी मुकाट्याने दिग्दर्शकांना आठवण करून द्यायचो. खुद्द भावानेच गावाहून निरोप धाडला, राहू दे म्हणून. अक्कांनी तो उडवून लावला. "तो उतरना तवय राहू दे कोनी म्हने नै."

निरोप समारंभाच्या दिवशी सकाळी नवी प्रत आली. हार, श्रीफळ मांडून ठेवलेलं होतं, प्राचार्यांनी अक्कांच्या खांद्यावर शाल घातली. पण अक्कांनी आधी माहितीपटाचा शेवट लावायला सांगितला. चार नावं आली. पहिलंच होतं जयराम.

सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी अक्कांकडे बघायचं टाळलं. नोकरीचे चार तास उरलेले, आता तरी पुरे म्हणतील असं वाटलं. त्यांनी शाल उतरवली, नीट घडी करून खुर्चीवर ठेवली.

"तीन बरोबर शेतस," त्या म्हणाल्या. "एक बाकी शे."

गौरवाचं भाषण माझ्या हातात होतं. ते खिशात घातलं आणि त्या पुढे काही बोलायच्या आत दिग्दर्शकांना फोन लावला.