सोयगावच्या बांधावर मी होते

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आता सांगतेय, तरी तुमच्यावरही संशय येतोयच — कुणाजवळ बोलाल का? खोड आहे, जात नाही.

माझा अन् माझ्या मैत्रिणीचा, सुनीताचा, पीएचडीचा विषय जवळपास एकच: कापूस वेचणाऱ्या बाया. गाईड सरही एकच. दोघी मुलाखतींसाठी सोयगावला गेलो. फोनवर रेकॉर्डिंग लावलं की बाया गप्प व्हायच्या. मग सुनीतानं फोन पर्समध्ये टाकला, बांधावर बसली, वहीत लिहीत राहिली. मी? ऊन लागलं म्हणाले — खरं तर कंटाळा आला. तासभर तिच्याशेजारी बसले अन् कोरी वही घेऊन शहरात, गारखेड्याला घरी आले.

घरी एआयला सांगितलं, सोयगावच्या सहा बायांच्या मुलाखती लिही, बोली मराठवाड्याची ठेव. लिहिल्या की त्यानं! लई, व्हय, नाय — सगळं जागच्या जागी. सर म्हणाले, मातीचा वास येतो.

पुढं सरांनाच शंका यायला लागली, की पोरं मशीनकडून लिहून घेतात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? कॅन्टीनमध्ये कुणी कुजबुजलं तरी मला वाटायचं, माझंच चाललंय. एक दिवस सरांनी मला एकटीला विचारलं, तुला कुणाचा संशय येतो? अन् मी — मीच — सुनीताचं नाव घेतलं. तिच्या बाया फारच नेटकं बोलतात, म्हटलं.

सरांनी तिला रेकॉर्डिंग मागितलं. कुठून आणणार? तिनं वह्या पुढं केल्या, तर म्हणाले, वही घरी बसूनही भरता येते. तेव्हा ती माझा हात धरून मला त्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेली.

"सर, ही होती ना माझ्यासोबत. हिला विचारा."

हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न माझ्या वहीचा होता.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

ती भांडली नाही. नुसता हात सोडला. तिला सगळ्या मुलाखती नव्यानं घ्यायला लावल्या, त्यात मुदत संपली, तिनं पीएचडी सोडली. आता चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामगारांची हजेरी लिहिते. माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं.

न आठवायला काय झालं होतं? तिचा निळा पेन आठवतो. एका बाईनं तिच्या वहीवर भाकरी अन् कांद्याची फोड ठेवली होती, ती आठवते. अर्धी भाकरी सुनीतानं मला दिली होती. मी खाल्ली.