एकशे अडुसष्टची रेघ

"खांदे खाली. हनुवटी सरळ. आन टाचा उचलायच्या न्हाईत, तिथं कुनी तुजा मामा बसलेला न्हाई!"

दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक पोराला आप्पा आधी हे ऐकवायचे आणि मग विचारायचे, शर्ट शिवायचा की पँट. पोरगं पंधराचं असो की विशीचं, त्याला दाराच्या लाकडी चौकटीला पाठ लावून उभं राहावंच लागायचं. एकदा तर लग्नाचे कपडे शिवायला आलेल्या नवरदेवालाही त्यांनी मापलं. तो बिचारा बँकेत नोकरीला. "मिलिटरीत बसला आसतास की रं," असं आप्पा इतक्या हळहळीनं म्हणाले, की नवरदेवाला आपलं आयुष्य वाया गेल्यासारखं वाटलं.

माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. मधे फक्त डांबरी रस्ता. नांदूरघाटच्या वाटेवरचं आमचं गाव. माझं सासर-माहेर दोन्ही इथलंच, एकाच गल्लीत. आप्पा मला लहानपणापासून ओळखायचे, मला ‘पोरी’ म्हणायचे, आणि मी त्यांच्याशी रोज भांडायचे. माझं तोंड कसं आहे ते गावाला ठाऊक आहे, तुम्हालाही कळेलच.

तुमच्याकडेही असा एखादा माणूस असेल. ज्यानं कधी बंदुकीला हात लावला नाही, पण सैन्यभरतीचं सगळं त्यालाच विचारायचं. आप्पा टेलर. काडीसारखे पाय, गळ्यात कायम मापाची टेप, आणि बूड कधी एका जागी टेकायचं नाही. मशीनवर बसले तरी एक डोळा रस्त्यावर. उंच पोरगं दिसलं की शिवण अर्धवट टाकून उठायचे.

हे वेड त्यांना लागलं कसं, तेही सांगते. फार वर्षांपूर्वी ते भाच्याला घेऊन भरतीला गेले होते. मैदानाच्या फाटकाबाहेर बसलेले. आतून एक परकं पोरगं आलं, कुठून तरी लांबून प्रवास करून आलेलं. उंचीत अर्धा सेंटीमीटर कमी. साहेबानं नुसतं "पुढचा!" म्हटलं, की झालं. पोरगं कागदांची फाईल तोंडावर धरून रस्त्याच्या कडेला बसून रडलं. आप्पांनी त्याला पाणी दिलं, पण ते प्यालं नाही.

"त्या पोरानं मला चार दिवस जेवू दिलं न्हाई पोरी," आप्पा सांगायचे. "तवाच ठरवलं. आपल्या गावचं लेकरू तिथून मान खाली घालून यायचं न्हाई. परत फिरायचंच तर माज्या दारातून फिरंल."

घरी आल्या आल्या त्यांनी गळ्यातल्या टेपनं चौकटीवर रेघा आखल्या. लाल ऑइलपेंटनं. भरतीला लागणाऱ्या उंचीची, एकशे अडुसष्ट सेंटीमीटरची रेघ बोटाएवढी जाड. तिच्यावर डोकं गेलं तर फॉर्म, नाही गेलं तर घरी.

उंची झाली की बाकीची तपासणी. ओल्या पायानं शहाबादी फरशीवर चालायला लावायचे. आख्खं पाऊल उमटलं की "सपाट हाय" म्हणून कपाळाला हात. गुडघे एकमेकांना लागतात का, कानात मळ आहे का, दंडावर कुठल्या जत्रेत गोंदून घेतलंय का, सगळं बघायचे. रंग ओळखायला दोऱ्याची रिळं पुढे करायचे. "ह्यातलं मोरपंखी काड." आता सांगा, आमच्या पोरांना मोरपंखी काय माहीत! पोरं हिरवं काढायची, निळं काढायची. ब्लाउज शिवायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मी रस्त्यापलीकडून ओरडायचे, "आप्पा, साहेब तिथं मोरपंखी इचारत न्हाई वो!"

"तुला काय म्हाईत? तू गेलतीस का तिथं?"

"तुमी तरी कुठं आत गेलता?"

मग एवढंसं तोंड करून मशीनवर बसायचे. पाच मिनिटांनी पुन्हा उठायचे.

पहाटे युसूफ वडगावच्या रस्त्यावर पोरं पळायची आणि मागून आप्पांची लूना. पण त्यांचा खरा जोर पळण्यावर नव्हताच. "पळनं सोपं हाय. उभं राहनं अवघड," असं म्हणत ते पोरांची रांग दुकानासमोर उन्हात उभी करायचे. हातात फाईल, बोलायचं नाही, मोबाईल नाही, टेकायचं नाही. मी विचारायचे, "आप्पा, पोरं वाळत घातलीत का?" ते म्हणायचे, "तिथं दिस-दिस उभं राहावं लागतंय. पळायला दम आसतो, पर थांबून थांबून पोरगं बिथरतंय. ते इथंच बिथरू दे."

खरं होतं ते. गेलेली पोरं परत येऊन तसंच सांगायची.

आणि एक गोष्ट आप्पा छातीवर हात ठेवून सांगायचे. "माजा मापलेला एक बी पोरगा उंचीत मागं आला न्हाई." हेही खरं. कुणी पळताना मागे पडलं, कुणाला कानानं घालवलं, पण उंचीत कुणी म्हणजे कुणीच नाही. आजूबाजूच्या गावांतून पोरं त्यांच्या चौकटीला उभी राहायला यायची. आप्पांची रेघ म्हणजे सरकारची रेघ, असंच लोक धरून चालायचे.

त्या रेघेनं माझ्या धाकट्या भावाला परत फिरवलं होतं.

आमची जात शेळ्या-मेंढ्यांमागची. सुदाम तर शेळ्यांमागे पळतच वाढला. सोळाशे मीटर पळून आला की त्याच्या कपाळावर घामही नसायचा. आप्पा घड्याळाकडे बघून स्वतःशीच हसायचे. पण चौकटीला उभा राहिला की डोकं सदुसष्टच्या जरा वर, अडुसष्टच्या खाली. सहा महिने तो बाभळीच्या फांदीला लोंबकळला. पुन्हा मापला. तिथंच. आप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "न्हाई रं लेकरा. देवानं अर्धं बोट कमी दिलं." सुदामनं माझ्याकडून फॉर्म भरून घेतलाच नाही. वय निघून गेलं. तो घरच्या शेळ्यांमागे लागला तो लागलाच. पहाटे रस्त्यावरून पळणाऱ्या पोरांचे पाय वाजायला लागले की तो गोठ्यात जाऊन बसायचा. हे मी बघितलंय.

मग दोन वर्षांपूर्वी तो गणेश आला. आडमुठं पोरगं. चौकटीवर कमी भरलं, आप्पांनी हाकललं, तर ते रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे.

"अक्का, फॉर्म भरा. हाकलायचं आसंल तर त्यांनीच हाकलू द्या."

मी भरला. आप्पा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू त्या पोराला रडायला पाठवतीस." मलाही आतून तसंच वाटत होतं.

पोरगं लेखी परीक्षा पास झालं, मैदानावर गेलं, आणि रडत नाही, नाचत आलं. उंचीत पास! वर थोडी उंची शिल्लकच! गल्लीतली पोरं आप्पांच्या दुकानासमोर उभी राहून हसली. आप्पाही हसले. "त्येंची मशीन बिगडली आसंल," म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी एक बाही उलटी जोडली. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते लूना काढून केजला गेले आणि गवंड्यांची असते तसली स्टीलची टेप घेऊन आले. भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं. मी माझ्या खुर्चीतून बघतेय: खाली वाकले, वर ताणून बघितलं, परत खाली वाकले. मग गळ्यातली टेप काढून स्टीलच्या टेपशेजारी फरशीवर अंथरली. आणि तिथंच खाली बसले. मी रस्ता ओलांडला.

"आप्पा, काय झालं?"

"बग," म्हणाले.

गळ्यातली टेप त्यांच्या वडलांच्या वेळची. कापडी. ओढून ओढून, उभ्या जन्मात ती ताणली गेली होती. दोन टेपा शेजारी ठेवल्या, दीड मीटर संपल्यावर पुढचे अठरा पुन्हा मोजले, तर एकशे अडुसष्टला दीड सेंटीमीटरचा फरक. तिच्यावरच्या खुणा लांब लांब गेलेल्या. म्हणजे माणूस असेल त्यापेक्षा कमीच भरणार. चौकटीवरची जाड लाल रेघ खरी एकशे साडेएकोणसत्तरला होती.

"मग शर्ट कसे बरोबर बसायचे वो सगळ्यांना?" मला दुसरं काही सुचेना.

"अंग बी हिच्यानंच मापलं, कापड बी हिच्यानंच कापलं. चूक कळंल कशी?" ते माझ्याकडे बघेनात. "माजा पोरगा उंचीत मागं येत न्हाई म्हनून मिरवत होतो गं. कावून येत न्हाई, ते आज कळलं."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"सुदाम?" मी म्हटलं.

"त्येचंच नाव पयलं आलं डोक्यात."

मी एक शब्द बोलले नाही. मी! दुकानात आले आणि गिऱ्हाईक असताना शटर ओढून घेतलं. माहेरी जाऊन सुदामला सांगायचं धाडस झालं नाही. झोप उडाली. भाकरी थापताना मनात आप्पांना शिव्या, झेरॉक्स काढताना शिव्या. एकाच कागदाच्या तीनऐवजी तेरा प्रती निघाल्या. आणि समोर बघावं तर दुकान बंद.

बारा दिवस बंद होतं. आप्पा लूनावर गावं पालथी घालत होते. परत फिरवलेलं एकेक पोरगं त्यांना नावानिशी आठवत होतं. दाराशी जायचे, स्टीलची टेप दाखवायचे आणि सांगायचे, माझी चूक झाली. कुणी हसून सोडून दिलं. कुणी दारातून हाकललं. एका आईनं तर लूनाची किल्लीच काढून घेतली आणि तासभर उन्हात उभं केलं. आप्पा उभे राहिले. वय शिल्लक असलेली दोघं सापडली. त्यांना मागे बसवून माझ्याकडे आणलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्येंचे भर."

मी भरले.

खरं सांगा, ते गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? भरतीवाल्यांची मशीन बिघडली, एवढ्यावर गाव हसून विसरलं होतं. चौकट रंगवून टाकली असती की संपलं. हे मला कळत होतं आणि तरी राग जात नव्हता.

तेराव्या दिवशी सकाळी ते माझ्या माहेरी आले, मीही तिथंच होते. सुदाम शेळ्या सोडत होता. आप्पांनी चप्पल बाहेर काढली, गोठ्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि सगळं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. "तू बसत होतास लेकरा. रेघ खोटी होती."

सुदामच्या हातात दावं होतं, ते त्यानं गुंडाळून खुंटीला अडकवलं.

"कवा कळलं?"

"बारा दिस झाले."

"मग बारा दिस कुठं होता?"

"ज्येंचं वय हाय त्येंच्याकडं आदी गेलतो."

सुदामनं काठी उचलली. "बरं केलं," म्हणाला, आणि शेळ्या हाकत निघून गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आप्पा तिथंच उभे. मग मला म्हणाले, "पोरी, त्यानं एक शिवी तरी द्यायला पायजे होती गं."

मग मी दिली. एक नाही, बारा दिवसांच्या साठलेल्या सगळ्या दिल्या. आई शेजारच्या घरातून धावत आली. माझ्या भावाचं आयुष्य तुम्ही चिंधीनं मापलंत, असं काय काय बोलले, आता आठवलं तरी लाज वाटते. रडत होते आणि बोलत होते. आप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. मी दमले तेव्हा म्हणाले, "झालं?"

"न्हाई!"

"मंग उद्या येतो."

आणि आले की हो! दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. सुदाम शेळ्या सोडायचा त्याच वेळेला. मी दोन शब्द सुनवायचे, ते ऐकायचे, आई चहा द्यायची. पुढे पुढे माझा राग आटला. पण काही बोलले नाही तर बेचैन व्हायचे, म्हणून मी शर्टाची बटणं, लूनाचा धूर, काहीतरी काढून बोलायचे. आप्पा शिवीची वाट बघतायत, हे मी सुदामला सांगितलं होतं; तो मात्र हूं की चूं नाही. येताना बघायचा, जाताना बघायचा, आणि शेळ्या घेऊन निघायचा. आप्पा त्याच्या पाठीकडे बघत चहा गार करायचे.

वय शिल्लक असलेल्या त्या दोघांतला एक पोरगा भरती झाला. ती बातमी आप्पांनी आधी सुदामला सांगितली. सुदामनं मान हलवली.

या उन्हाळ्यात आप्पा गेले. आदल्या दिवशी येऊन गेले होते. चहात साखर कमी आहे म्हणाले होते आणि मी म्हटलं होतं, घरी जाऊन प्या.

आप्पा लिंगायत, त्यांच्यात पुरतात, बसवून. खड्डा खणायला गावातली पोरं होती, त्यांत सुदाम होता. कुणी बोलावलं नव्हतं. खणून झाल्यावर तो वर आला आणि बाजूला उभा राहिला. आम्ही बाया लांब, लिंबाखाली. आप्पांना आत बसवलं, बेल वाहिला, विभूती लावली, लोक एकेक करून माती लोटायला लागले. सुदामची पाळी आली. मूठभर माती घेऊन तो कडेला बसला आणि बसूनच राहिला. मागच्या माणसानं खांद्याला हात लावला तरी उठेना.

"थेरड्या," तो म्हणाला, लिंबाखाली ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, "कावून घाई केलीस बे? मी देणार होतो की शिवी."

लोक चपापले. कुणीतरी त्याला दटावलं. मी म्हटलं, राहू द्या, त्याला बोलू द्या.