रुमालाखालचा हात

अण्णांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा त्यांच्याबरोबरचे एक जुने व्यापारी मला म्हणाले, "पोरी, तुझ्या बाचं तोंडच गेलं की गं." माझ्या वडिलांची वाचाही त्याच झटक्यात गेली होती, पण ते बोलत होते हाताबद्दल. अण्णा उमेदीत होते तेव्हा सांगलीच्या हळदीचा भाव तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा, दोघांचे हात एका रुमालाखाली जायचे, बोटं दाबून आकडा सांगितला जायचा आणि चेहरे मख्ख. पुढं ती पद्धत बंद झाली, उघड बोली आली. अण्णांच्या खांद्यावरचा रुमाल मात्र काही गेला नाही.

मी कराडचं घर नवऱ्यावर टाकून माहेरी येऊन राहिले. अण्णांना व्यायामाला एका केंद्रात न्यायचे. तिथं मोठ्या पडद्यावर कॉम्प्युटरचा खेळ असे. समोर कॅमेरा. आपण हललो की पडद्यावर आपली करडी सावली हलायची आणि वरून पडणारे आंबे झेलायची. बोटं उघडली तर आंबा हातात, नाहीतर खाली पडून फुटला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हात थोडा तरी हलला तर पुढचे उपचार करू, नाहीतर उगाच म्हाताऱ्या माणसाचे हाल नकोत. मला तो हात हवाच होता. तोंड नाही, हात नाही, मग ते माझ्याशी बोलणार कसे?

खेळ सुरू झाला की अण्णा डाव्या हातानं खांद्यावरचा रुमाल ओढून उजव्या हातावर टाकायचे.

"आजोबा, रुमाल काढा की! कॅमेऱ्याला हात दिसंना झालाय," व्यायाम घेणारी मुलगी म्हणायची. वडूजकडची होती, लय गोड बोलायची. मी रुमाल काढायचे, अण्णा परत टाकायचे. हट्टीपणात आमच्या घराण्याचा हात कुणी धरू शकत नाही. पडद्यावरच्या सावलीला मग उजवा हात मनगटापासून नसायचाच. आंबे तिच्या अंगावरून घरंगळून फुटायचे आणि ती नुसती बसून असायची. मला तिची भीती वाटायला लागली. घरी टीव्ही बंद केला की काळ्या काचेत ती दिसायची. अजून दिसते.

एक दिवस वैतागून रुमाल ओढायला मी हात खाली घातला आणि अण्णांनी माझी बोटं धरली. उजव्या हातानं! चारही बोटं मुठीत दाबली, मग अंगठ्यानं माझ्या तळव्यावर एक आडवी रेघ ओढली. चेहरा मख्ख, नजर आंब्यांवर. परत तेच. पडद्यावर मात्र शून्य.

"हात हलतोय!" मी ओरडलेच. उपचार वाढले. घरी पेढे आले. रुमाल मी घरीच ठेवून यायला लागले. त्यानंतर अण्णांनी तो हात हलवला नाही. आम्ही तो धरून, उचलून आंब्यांपुढं करत राहिलो. पावसाळा सरायच्या आत दुसरा झटका आला आणि ते गेले.

भेटायला तेच जुने व्यापारी आले, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. म्हटलं, निदान शेवटी बोलले तरी माझ्याशी, पण काय ते कळलं नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

"कसं केलं, दाव बघू."

मी त्यांची चारही बोटं दाबली. तळव्यावर रेघ ओढली. त्यांचा चेहरा मख्ख राहिला नाही.

"ही आमच्या दोघांतली खूण हुती. ह्याच्या फुडं मी येणार न्हाई, असं सौद्यात सांगायचं आसलं की तो रेघ वडायचा."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? हात सोडायचो."

रुमालाखाली त्यांचा हात मी अजून घट्ट धरून ठेवला होता.