चौसष्ट जागा

जेवून आडवा होतो. कुमुदचं पॅड शेजारी गादीवर आहे. डोळे मिटतात, पण पंख्याचा आवाज ऐकू येतोय, म्हणजे अजून झोप लागलेली नाही. तेवढ्यात पायाशी गादी दबते. कुमुद बसली आहे. माझ्या बायकोला जाऊन पाच महिने झाले.

"ते जवळ घेऊन काय झोपता? फेकून द्या," ती म्हणते.

आवाज स्वच्छ आहे. शेवटचं दीड वर्ष तिला बोलता येत नव्हतं. आजारानं एकेक स्नायू निकामी केला. उजवा हात नुसता आपटता यायचा, त्याचं एक बोट तेवढं नीट चालायचं. म्हणून मी हे स्पर्शानं चालणारं काचेचं पॅड बनवलं. ती त्या बोटानं अक्षरं दाबायची आणि वाक्य स्वयंपाकघरातल्या पडद्यावर दिसायचं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे बोटाचा स्पर्श संगणकाला कळवणारा प्रोग्राम, मीच लिहिला. तीस वर्षं कारखान्यात तेच काम केलं.

"तुझ्यासाठीच केलं होतं," मी म्हणतो. माझा आवाज चढलाय.

"माहितीय. मोजलं कसं ते सांगा."

आम्ही मंगल कार्यालयात उभे आहोत. कुमुद वीस वर्षं लग्नांची जेवणं करायची, तेच हे कार्यालय. पंगत मांडून ठेवली आहे, पाट आणि पुढे केळीचं पान. मोजावं लागत नाही. चौसष्ट पानं आहेत.

मी सांगतो. बोट एकदा टेकलं की पाच नोंदी येतात. आडवी जागा, उभी जागा, दाब, बोटाचा क्रमांक आणि शेवटी 'संपलं' अशी खूण. वाचणाऱ्या प्रोग्रामला उशीर झाला तर नोंदी बफरमध्ये, म्हणजे मोजक्या जागांच्या रांगेत, थांबतात. आठ वेळच्या नोंदी मावल्या तर पुष्कळ. आठा पाचे चाळीस. वर थोडी सोय म्हणून चौसष्ट.

"एकच बोट धरलंत."

"तुझं एकच चालत होतं."

"आणि पाचही पडली तर?"

पाच पडली तर प्रत्येक बोटाच्या चार आणि शेवटची एक खूण, एका फटक्याच्या एकवीस नोंदी. तीन फटक्यांत त्रेसष्ट. चौथा मावत नाही. हे मी तिला सांगत नाही. दारातून माणसं आत शिरतायत, पानं भरतात, तरी माणसं येतच आहेत. मग वाढपी बसलेल्यांनाही उठवतो, सगळ्यांना बाहेर काढतो आणि एका पाटावर चिठ्ठी ठेवतो. लोक परत गेले, एवढंच तिच्यावर लिहिलंय.

"ही कुणी वाचायची?" कुमुद विचारते.

"प्रोग्रामनं. वाचून पॅडला पुन्हा विचारायचं, आत्ता काय दाबलंय."

"विचारलं?"

"तो भाग लिहायचा राहिला. म्हटलं, एका बोटानं कशाला भरतंय."

"शंभर माणसं सांगितली की मी भात कितीचा लावायचे?"

"सव्वाशेचा."

"आणि तुम्ही माझ्या हाताखाली पानं मांडत होतात. त्यात फक्त जिलब्या खाल्ल्यात. शिकला काही नाहीत."

स्वयंपाकघर. पडद्यावर 'ठीक आहे'. दुपारचे तीन बेचाळीस. मी ओट्याशी चहा पितोय आणि ते 'ठीक आहे' बघून निवांत आहे. ते तिनं मघाशी लिहिलेलं. नंतरचं काही पडद्यापर्यंत पोचलंच नाही. आतल्या खोलीत तिच्या घशात कफ अडकलाय. मशीननं ओढून काढायला दोन मिनिटं लागतात. मी वीस मिनिटांनी आत गेलो.

"घंटा होती ना तुझ्याकडे?" मी ओरडतो. "ती का नाही वाजवलीस?"

"घंटा तुम्ही उचलून ठेवलीत. म्हणालात, पॅड असताना कशाला."

"मग पॅड तरी नीट दाबायचं. एका बोटानं."

"श्वास अडकल्यावर?"

मी चहाचा कप ओट्यावर ठेवतो.

"शकूला काय सांगितलंत?" शकू तिची धाकटी बहीण.

"झोपेत गेलीस म्हणून."

"मी जागी होते."

"कुमुद, एकदा म्हण, झोपले होते. माझ्यासाठी."

"नाही म्हणणार."

"मी कसा जगू मग?"

"तुमचं तुम्ही बघा. पाच महिने स्वतःचंच तर बघताय."

ती पॅड ओट्यावर ठेवते. "मारा. बोट नको. मी मारलं तसं."

मी मारतो. सबंध हातानं. पडद्यावर 'ठीक आहे'. पुन्हा मारतो. तिच्यावर चिडलोय, त्या चाळीसवर चिडलोय, चहा पिणाऱ्या त्या माणसावर चिडलोय. किती वेळा मारतो ते मोजत नाही. 'ठीक आहे' हलत नाही.

जागा होतो. पॅड हाताखाली आहे, काच आरपार तडकली आहे. उजव्या तळव्यात अंगठ्याच्या मुळाशी एक कपची घुसली आहे. फोन डाव्या हातानं लावावा लागतो.

"बोला भाऊजी," शकू म्हणते. "जेवलात का?"

"जेवलो. शकू, कुमुद झोपेत गेली नाही. ती मला बोलवत होती."



"थांबा," ती म्हणते. "दार लावून घेते. मग सगळं सांगा."

मी थांबतो. मूठ मिटत नाही, कपची आत आहे.