दोर हाताला गुंडाळायचा नाही

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीकडच्या एका बंदरावर कुप्याचं वजन लिहून घेत होते. कुपा म्हणजे टूना. भरल्या गोणीसारखा जड, खोल समुद्रातला मासा. भाऊ म्हणाला, "ताई, भगवानमामा गेले. झोपेतच गेले." मी नुसतं "मामा? बरं," म्हटलं. होडीतून मासा वर देणाऱ्या दत्ताराम तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा?" मी मान हलवली. त्यांनी मासा खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली. हा माणूस माझ्या मामांसोबत आयुष्यात एकच दिवस होडीत बसलेला. पण तो दिवस तसा होता.

मामा भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचे. तरुणपणी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये कामाला होते. तिथल्या आवाजानं कान अधू झाले, तसे गावी परतले ते एक गळ घेऊन. मिलमधल्या सळईच्या तुकड्यांचा, चार आकड्यांचा, स्वतः वाकवलेला. विहिरीत बादली पडो, कळशी पडो, नाहीतर मोटारीचा दोर तुटो, पंचक्रोशीतून मामांना बोलावणं यायचं. ते काठावर बसायचे, डोळे मिटायचे आणि दोर उघड्या तळहातावरून खाली सोडायचे. "हा गाळ... हा दगड... ही कळशी. पर पालथी हाय, थांबा." कानातलं गेलं ते सगळं त्यांच्या बोटांत येऊन बसलं होतं असं मला वाटायचं. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून भांडं वर आलं की मला हाक यायची. भांड्यांवर नावं कोरलेली असतात ना, ती मी वाचायची. "मोठ्यानं वाच, माय. मला आलं पाह्यजे ऐकू." नाव वाचल्याशिवाय भांडं कुणाच्या हातात जायचं नाही. एकदा खुद्द मामीची कळशी निघाली. मामी म्हणाली, "अहो, माझीच हाय ती." मामा म्हणाले, "आसंल. पर पोरीनं अजून वाचलं न्हाई." माझं शिक्षण असं विहिरीच्या काठावर सुरू झालं, हे मी अभिमानानं सांगते.

आमच्या आणि मामांच्या, दोन्ही घरांतली कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यातून घेतलं काय, तर मत्स्यशास्त्र. गावात हसं झालं. एकानं पारावर मामांना टोचलं, "भगवानराव, भाचीला मासे दाखवायला पाणी कुठून आणता?" मामा म्हणाले, "तुझ्या विहिरीत सात पुरुष पाणी हाय की. तुझी बादली मीच काढली होती, इसरला?" पदवी घेऊन गेले तेव्हा तो कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "वाच. मोठ्यानं." मी वाचलं. शेवटच्या सहीपर्यंत.

नोकरी लागली ती कोकणात, मच्छीमारांच्या एका संस्थेत. पहिलंच मोठं काम अंगावर आलं: कुपा पकडायला संस्थेच्या होड्यांना काय घ्यायचं, हातदोरी की रीळ लावलेल्या काठ्या? तरुण पोरांना काठ्या हव्या होत्या. जुने तांडेल हातदोरीवर अडून बसले होते. मी काठ्यांच्या बाजूनं अहवाल लिहून ठेवला होता, आणि त्याचं कारण दत्ताराम तांडेलांच्या उजव्या हाताला होतं. त्यांचं एक बोट अर्धंच आहे. दोरी हाताला गुंडाळलेली असताना मासा पळाला आणि बोट घेऊन गेला. पगार घेऊन लोकांना असल्या धंद्यात ढकलायचं, हे मला जमणारं नव्हतं. सभा चार दिवसांवर होती आणि नेमके तेव्हाच मामा मला भेटायला आले. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ बघून म्हणाले, "काठ न्हाई व्हय याला?"

चाचणीच्या होडीत मी त्यांना सोबत नेलं. एका बाजूला काठी लागली, दुसऱ्या बाजूला दत्ताराम तांडेलांची हातदोरी. काठीला मासा आधी लागला. बारीक दोरी, त्यामुळे जपून खेळवावा लागला. तासाभरानं वर आला तेव्हा दमून दमून त्याचं मांस आतून तापलं होतं, शिजल्यासारखं फिकं पडलं होतं. असल्या माशाला चांगलं गिऱ्हाईक मिळत नाही. इकडे तांडेल पाणी प्यायला वळले आणि मामांनी त्यांची दोरी हातात घेतली. डोळे मिटले. "आलाय... हुंगून राह्यला नुसता... बिलकुल हलू नका." तांडेल हसायला लागले, तेवढ्यात दोरी सणकून निघाली. मी ओरडले, "मामा, सोडा!" त्यांना ऐकू गेलं नाही, आणि तेच बरं झालं. दोरी त्यांच्या उघड्या तळहातावरून पळत होती, वरून फक्त अंगठा. मासा थांबला की दोन हात आत, पळाला की तळवा उघडा. दत्ताराम तांडेल हसायचे थांबले होते. पुढे झाले, दोरीनं कापू नये म्हणून स्वतःच्या बोटांवर घातलेले सायकलच्या ट्यूबचे तुकडे काढून मामांच्या बोटांत चढवले आणि स्वतः मागून ओढायला लागले. पाव तासात कुपा होडीत होता, मांस लालबुंद.

तांडेलांनी मामांचा हात धरून पाहिला. "गुंडाळली नाही तुम्ही. पहिल्यांदा धरणारा प्रत्येक जण गुंडाळतो. मीसुद्धा गुंडाळली होती."

"दोर हाताला गुंडाळायचा न्हाई," मामा म्हणाले. "भरली बादली निसटली तर मानसाला घेऊन जाती. तिचं तिला जाऊ द्यावं, मंग बराबर येती."

मी लिहिलेला अहवाल फाडला. सोपं नव्हतं; काठ्याच घ्या, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगून बसले होते. सभेत उभी राहिले आणि म्हटलं, माझं चुकलं. बोट हातदोरीनं गेलं नव्हतं, गुंडाळण्यानं गेलं होतं. जाड दोरी घ्या, मासा लवकर वर येईल, मांस चांगलं राहील. आणि होडीत पाय ठेवायच्या आधी प्रत्येकानं उघड्या तळहाताचा सराव करायचा. मागून कुणीतरी म्हणालं, "हे कुठल्या पुस्तकात आहे, मॅडम?" मी सांगितलं, "पिंपळगाव रेणुकाईच्या विहिरीत." सगळे हसले, दत्ताराम तांडेल सगळ्यांत मोठ्यानं. आज त्या सगळ्या होड्या हातदोरीवर आहेत. दीड वर्ष झालं, एकाचंही बोट गेलेलं नाही.

मामांच्या तेराव्याला गावी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट नव्हती, म्हणून शेजारच्या शेवंताकाकू विहिरीवर पाणी शेंदायला गेल्या आणि दोर तुटून कळशी पडली. त्या सवयीनं आमच्या दारात आल्या, आणि उंबऱ्याशीच थबकल्या. मामीनं खुंटीवरचा गळ काढला आणि माझ्यापुढे धरला. "ऊठ माय. समिंदरात जमतं, हितं जमना व्हय?"

मी काठावर बसले, डोळे मिटले. उघड्या तळहातावरून दोर सोडला. गाळ. दगड. मग काहीतरी पोकळ, गोल, जरा कलतं... थांबले. दोन हात आत घेतला. जड झाला.

कळशी काठावर ठेवली. कुणाची ती सगळ्यांना ठाऊक होतं, शेवंताकाकू तर समोरच उभ्या होत्या. पण त्यांनी हात पुढं केला नाही. मी कळशी फिरवली, चिखल पुसला आणि नाव वाचलं.

मामी म्हणाली, "जरा मोठ्यानं, माय."

मी पुन्हा वाचलं. पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.